दही काय म्हणते

आमचे भाऊजी गुलाबराव गाडीची परीक्षा दह्यावर घेत. मागच्या सीटला सुतळीने दह्याचं गाडगं बांधायचं, नाला ओलांडून वावरापर्यंत जाऊन यायचं आणि घरी येऊन फडकं उचलून बघायचं. दह्याला पाणी सुटलेलं असलं की गाडी नापास. दारव्ह्याकडच्या त्या गावात तेव्हा कापसाला भाव नव्हता, बोंडांत अळी होती, आणि कुणा ना कुणाच्या दारात माणसं मुकाट बसलेली असायची. हसायला निमित्त कमीच. त्यामुळे गुलाबराव गाडगं घेऊन परतताना दिसले, की पारावरून हमखास कुणीतरी विचारी, "काहो गुलाबराव, दही काय म्हणते?"

ते गंभीरपणे सांगत, "आज नाराज हाये."

गाडी म्हणजे चार जाड चाकांची शर्यतीची फटफटी. नागपूरकडचं एक सहलीचं ठिकाण बंद पडलं, तिथून त्यांनी ती पडेल भावात उचलली आणि रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमध्ये घालून आणली.

त्यांची बायको म्हणजे माझी सुमनताई. कापसाने भरलेल्या बंडीवरून, म्हणजे बैलगाडीवरून, ती पडली आणि कमरेतून अधू झाली. डावा पाय गुडघ्यात वाकला तो वाकलाच. बंडीचा दणका तिला सोसेना, मोटरसायकलवर बसवेना, आणि नाल्यातून जीप जात नसे. आमच्याकडे पहिल्या वेचणीला घरची बाई वावरात दहीभात शिंपडते, मगच कापसाला हात लागतो. याला सीतादही म्हणतात. ताई पडल्यापासून ते शेजारणीच्या हातून होई, आणि त्या दिवशी ताई भिंतीकडे तोंड करून पडून राही. तिला वावरात न्यायचं, तिच्या हाताने सीतादही करायचं, एवढ्यासाठी ती गाडी होती.

लोहारा गावच्या सलीम मिस्त्रींना पहिल्या दिवशी हे ठाऊक नव्हतं. शर्यतीची गाडी दारात आली म्हणून ते हरखले. मोकळा सायलेन्सर, मोठा एअर फिल्टर, कार्बोरेटरचा नवा जेट. आधी गाडीचा श्वास मोकळा करायचा, मग ती पळवायची, असं त्यांनी समजावलं. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "याच्यातल्या कायनं दणका कमी होते?"

एका हंगामाला एकच वस्तू परवडे. त्यामुळे निवड वर्षभर चाले. मी सुट्टीत गेलो की जेवताना भाऊजी ताटाशेजारी वाट्या उपड्या घालून चाकं मांडत आणि टायर आधी की स्प्रिंगा आधी, हे मला विचारत. मी शाळेत भाषा शिकवणारा माणूस. एकदा उगाच टायर म्हणालो. ते स्प्रिंगा म्हणाले. वाद वाढला तशी ताई आतून म्हणाली, "मास्तरले काय विचारता? बसाचं मले हाये ना?"

मग भाऊजींनी आत जाऊन विचारलं. ती म्हणाली, टायर. "मी म्हटलं नव्हतं?" असं मी म्हणालो, तर भाऊजींनी माझ्या वाटीतलं वरण परत भांड्यात ओतलं.

पहिल्या वर्षी रुंद टायर आले. दुसऱ्या वर्षी नरम स्प्रिंगा. तिसऱ्या वर्षी साखळीचं पुढचं दातेरी चाक काढून लहान घातलं. ओढ वाढली आणि उरलासुरला वेगही गेला. प्रत्येक सुधारणेनंतर गाडी आणखी हळू होत गेली. शेवटी शेवटी म्हशी तिला मागे टाकून पुढे जात. सलीम मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाले, "गुलाबभाऊ, लोग रफ्तार मांगते. तुम पैसा देके गाडी को बूढी कर रहे."

"बुढी नाही," भाऊजी म्हणाले. "शहाणी करून राह्यलो."

त्या वर्षी पोळा झाल्यावर एका दुपारी दही घट्ट परत आलं. भाऊजी पारावर थांबले नाहीत. गाडगं थेट ताईच्या उशाशी ठेवून फडकं उचललं. ताईने बोट लावून पाहिलं, मग बोट चाटलं.

"आंबट हाये," ती म्हणाली. "पण घट्ट हाये. आता बोंडं फुटू द्या, जाऊ."

बोंडं फुटायच्या आधी ती तापाने गेली.

तेरवीनंतर लोकांना वाटलं, आता गाडी विकतील. पारावरून कुणी काही विचारेनासं झालं. पहिल्या वेचणीच्या दिवशी भाऊजींनी मला बोलावून घेतलं. शेजारीण दहीभात कालवून तयार होती. तिला त्यांनी हात जोडले आणि गाडगं माझ्याकडे दिलं.

"मास्तर, तुमी मांगं बसा. भाऊ हा तुमी तिचे."

मी त्या गाडीवर पहिल्यांदाच बसत होतो. डावा पाय टेकायचा दांडा उजव्यापेक्षा वीतभर उंच बसवलेला होता. माझा गुडघा पोटाशी आला. मी पाय खाली सोडला नाही.

वेचायला निघालेल्या बाया आमच्या पुढे चालत होत्या. आम्ही त्यांना गाठू शकलो नाही. नाल्याच्या उतारावर एक मोठा दगड आहे. तो दिसला, तशी भाऊजींनी मान न वळवता विचारलं, "दणका येते, सुमन. हळू करू?"

त्याहून हळू ती गाडी जाऊ शकत नव्हती.

"करा," मी म्हणालो, आणि गाडगं छातीशी धरलं.