आपापल्या गल्लीवर पाणी सोडावे

आमच्या पेठेतल्या पाण्याचे विकेंद्रीकरण झाले ते साल चौऱ्याहत्तर. तोवर टाकीजवळचा आकाराम एकटाच सगळ्या चाव्या फिरवायचा आणि गल्ल्यांना पाळीपाळीने पाणी द्यायचा. पाणी सगळीकडे येत होते, पण पद्धत शास्त्रीय नव्हती.

पाणीखात्याचे नवे इंजिनिअर नृसिंह साहेब नियंत्रणशास्त्र शिकून आले होते. सगळे नियंत्रण एका हातात असणे त्यांना लोकशाहीचा अपमान वाटला. त्यांनी आकारामला आवक-जावकच्या टेबलावर बसवले, गल्लीगल्लीत एकेक चावीवाला नेमला आणि प्रत्येकाला दाबाचा काटा दिला. आदेश निघाला: 'काटा उतरल्यास चावी वाढवावी. शेजारच्या गल्लीची विचारपूस करू नये. प्रत्येकाने आपापल्या गल्लीवर पाणी सोडावे.'

पहिल्याच दिवशी खालच्या गल्लीने चावी उघडली, तसा मधल्या गल्लीचा काटा उतरला. मधल्याने नियमाप्रमाणे चावी वाढवली, तर खालच्याचा उतरला. दुपारपर्यंत सगळ्या चाव्या सताड उघड्या, सगळे काटे झोपलेले, आणि आदेशभंग कुणाकडूनच नाही. चढावरच्या गल्लीत नळ नुसता फुसफुसत होता.

त्या गल्लीतल्या तानाबाईच्या शालनचे लग्न तोंडावर आले होते. तानाबाई थेट ऑफिसात गेली. साहेबांनी तिला आदेश वाचून दाखवला आणि गल्लीवर पाणी सोडण्याची स्पष्ट तरतूद असल्याचे समजावले.

"व्हय की सायेब," तानाबाई म्हणाली, "आमच्या गल्लीवर तुमी कवाच पाणी सोडलंय. पावणं कागलवरनं येनार, त्यास्नी प्यायला काय काटा दिऊ?"

साहेबांनी चौकशी लावली. अहवालात प्रत्येक चावीवाला निर्दोष ठरला. दोष पाण्याचा होता, ते उताराच्या बाजूने पक्षपात करते. उपाय म्हणून विकेंद्रीकरण घराघरांत नेले: गल्लीच्या चाव्या कायम उघड्या, ज्याने त्याने आपला नळ सांभाळावा.

खालच्या लोकांनी तो सांभाळला. पाणी आलेले कळावे म्हणून नळ उघडेच ठेवले. लग्नाच्या सकाळी पाणी आले, बादल्या भरल्या आणि मग गटार भरले. चढावर थेंब नाही.

दुपारी पंगत बसली. विहिरीवरून आणलेले पाणी स्वयंपाकातच संपले होते आणि आमटी कोल्हापुरी होती. वरबापाला ठसका लागला. तानाबाई रिकामा तांब्या घेऊन उभी राहिली, आणि वऱ्हाड पानावरून उठले. शालन मुंडावळ्यांसकट रडत बसली. आठवले की अजून चीड येते. पंगतीतले आम्ही खालच्या गल्लीवाले ठसकत ठसकत पाणीखात्याला शिव्या घालत होतो. घरी जाऊन नळ बंद करावा, असे एकालाही सुचले नाही. आदेशात तसे नव्हते.

तुम्ही हसलात ना? मग जरा उठा आणि मोरीत बघून या, तुमचा नळ बंद आहे का. नसला, तर कुणाच्या तरी गल्लीवर तुम्हीही पाणी सोडलेय.