दोनशे सत्याण्णव वेळा 'बघू'

"महिनाअखेरीपर्यंत प्रत्येक विभागात एआय वापरात आलं पाहिजे!" सोमवारच्या बैठकीत मोठ्या साहेबांनी टेबलावर थाप मारली. "ज्या विभागात येणार नाही, तो गोदामात विलीन. माणसं, फायली, सगळं!"

बैठकीतल्या सगळ्या माना बघूसाहेबांकडे वळल्या.

बघूसाहेब म्हणजे कार्यालय व्यवस्थापक. कारखाना लोखंडी कपाटांचा. पण कपाटं सोडून तिथं जे काही मोडे, गळे, अडे किंवा कुरकुरे, त्याचा अर्ज यांच्याकडे यायचा. कुणाच्या खुर्चीचं चाक निखळलेलं, कुणाला रजा हवी, कुणाच्या टेबलावर पंख्याचा वाराच येत नाही. बघूसाहेब अर्ज दोन्ही हातांनी घेत, चष्मा कपाळावर चढवत आणि अगदी मायेनं म्हणत, "बघू." आता 'बघू' म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला का शिकवावं लागतं? 'नाही' म्हटलं की माणूस दुखावतो, 'हो' म्हटलं की काम करावं लागतं. 'बघू' म्हटलं की दोन्ही टळतं. अर्ज देणाराही समजून चुकायचा आणि आपल्या तीनचाकी खुर्चीवर तोल सांभाळत पुन्हा कामाला लागायचा.

पण गोदाम म्हणताच बघूसाहेबांना आपली केबिन आठवली. एकोणीस वर्षं हॉलमध्ये, जाणाऱ्या-येणाऱ्याचे धक्के खात बसल्यावर त्यांना कोपऱ्यातली केबिन मिळाली होती. खिडकी, फिरती खुर्ची, दारावर पाटी. गोदामात खिडकी नाही, आणि गोदामप्रमुख दिवसभर शिट्टीवर एकच चाल वाजवतो, तीही चुकीची. केबिन जाणार या विचारानं त्यांना घरी जेवण गेलं नाही.

"पण तुम्हाला जमणार आहे का ते?" बायकोनं विचारलं. "फोनसुद्धा उलटा धरता."

"एकदाच धरला होता!"

"हो, पण पाच मिनिटं बोललात त्याच्यावर."

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये संगणकवाली हजर झाली. ही कारखान्यात नव्यानं आलेली चटपटीत मुलगी. सगळ्या विभागांना एआय शिकवायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं.

"सर, याला मदतनीस म्हणायचं. तुम्ही साध्या मराठीत लिहा, हा मराठीत उत्तर देतो. पत्रं लिहितो, पाठवतो, वेळापत्रक लावतो. फक्त आधी याला तुमचं काम समजलं पाहिजे. जुने अर्ज देता का?"

बघूसाहेबांना एकदम युक्ती सुचली. आठ वर्षांचे अर्ज दिले तर या यंत्राला वाचायला वर्ष तरी लागेल! तोवर 'काम चालू आहे' म्हणायला आपण मोकळे. त्यांनी उदार मनानं सगळे गठ्ठे काढून दिले, वर आपली मेलपेटीही उघडून दिली. शिपाईमामांनी दोन दिवस खपून कागद न् कागद स्कॅन केला. तिसऱ्या दिवशी संगणकवालीनं एक कळ दाबली आणि ती पुढच्या विभागात गेली. बघूसाहेबांनी निवांतपणे चहाचा कप उचलला. पहिला घोट घशाखाली उतरतोय न उतरतोय तोच पडद्यावर अक्षरं उमटली.

'नमस्कार. एकूण अर्ज ३१२. त्यांपैकी २९७ अर्जांवर आपण "बघू" असं आश्वासन दिलं आहे. अद्याप एकही ठिकाण बघितलेलं दिसत नाही. रोज वीस याप्रमाणे पंधरा दिवसांत सगळी पाहणी पूर्ण होऊ शकते. अर्जदारांना पत्रं पाठवू का?'

बघूसाहेबांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, पुन्हा वाचलं, आणि एका बोटानं जपून तेच टाइप केलं जे ते आठ वर्षं म्हणत आले होते.

'बघू.'

'धन्यवाद,' यंत्र म्हणालं. 'पाठवली.'

सकाळी केबिनबाहेर ही गर्दी! प्रत्येकाच्या हातात पत्र. 'आपणांस दिलेल्या शब्दाप्रमाणे व्यवस्थापक स्वतः बघायला येत आहेत. वेळ पंधरा मिनिटं.' "अहो, गैरसमज झालाय, जरा…" असं बघूसाहेब म्हणतायत तोच गर्दी दुभंगली आणि मोठे साहेब आत आले.

"वा! वा! बाकीचे विभाग एआयकडून नुसती शुभेच्छापत्रं लिहून घेताहेत, आणि तुम्ही थेट कामाला जुंपलंत त्याला. महिनाअखेरीला मी स्वतः येतो. रोजचे वीस झाले पाहिजेत हं. नाहीतर गोदाम आहेच!"

ते जाताच बघूसाहेबांनी दार लावलं आणि धावत खुर्ची गाठली. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली होती. घाईघाईनं त्यांनी लिहिलं, 'बाबा रे, कृपा कर, हे सगळं थांबव.'

मग उत्तर आलं.

'आपली विनंती मिळाली. बघू.'

"हा माझी थट्टा करतोय!" बघूसाहेब संगणकवालीपुढे जाऊन ओरडले.

"थट्टा नाही सर," ती हसू दाबत म्हणाली. "तुमच्याच उत्तरांवरून शिकलाय. विनंती आली की काय लिहायचं, ते त्याला आता पाठ झालंय. तो भाग मी दुरुस्त करते. पण पत्रं तर गेली ना!"

निघाली वरात. पुढे बघूसाहेब, मागे वही घेऊन शिपाईमामा. पहिला अर्ज हिशोबनीस बाईंचा. त्यांची खुर्ची डावीकडे कलंडलेली. सहा वर्षं बाई तशाच तिरक्या बसून काम करत होत्या. बघूसाहेब नाइलाजानं गुडघ्यांवर बसले, खाली डोकावले आणि चकित झाले.

"अहो, एक स्क्रू तर ढिला आहे!"

"तेच लिहिलं होतं अर्जात."

"मग स्क्रू ड्रायव्हर आणायचा ना!"

"त्याचा वेगळा अर्ज केला होता साहेब."

शिपाईमामांनी वही चाळली. अवजारांची पेटी मिळावी असे अर्ज अडतीस. पेटी आहे, पण कपाटात. कपाट उघडत नाही, त्याचा अर्ज आठ वर्षांपूर्वीचा, गठ्ठ्यात सगळ्यात खाली. कपाटांच्या कारखान्यात कपाट उघडत नाही म्हणजे कमालच झाली! शेवटी खालून एका कारागिराला बोलावलं. त्यानं कपाटाला गोल फेरी मारली, एक बुक्की घातली आणि दार उघडलं.

"एवढंच?" बघूसाहेबांनी विचारलं.

"मला कुणी बोलावलंच नाही कधी," तो म्हणाला.

स्क्रू पिळला. हिशोबनीस बाई सरळ बसल्या. "अगं बाई! समोर भिंतीवर घड्याळ आहे होय!" असं म्हणून त्यांनी टाळीच वाजवली. बघूसाहेबांसाठी एवढ्या वर्षांत कुणी टाळी वाजवली नव्हती. त्यांना कानापर्यंत गुदगुल्या झाल्या.

सगळेच अर्ज काही स्क्रूवर भागले नाहीत. रंगकामवाला आपल्या मुलीला घेऊन आला. "साहेब, लग्नाला रजा मागितली होती. तुम्ही बघू म्हणालात. म्हटलं, कशाला त्रास, रविवारीच उरकलं. ही मुलगी, दुसरीत आहे. आता बघून घ्या." मुलीनं नमस्कार केला. बघूसाहेबांनी तिला खिशातलं पेन दिलं आणि तिच्या बापाला जागच्या जागी चार दिवसांची रजा दिली.

संध्याकाळी घरी पाऊल टाकतात तो बायको पत्र नाचवत उभी!

"अहो, 'महोदया' म्हटलंय मला! 'स्वयंपाकघरातील गळक्या नळाची पाहणी, रविवार, सकाळी नऊ ते सव्वानऊ.'"

नवरा फोन उचलत नाही म्हणून ती कचेरीच्या मेलवर लिहीत असे, आणि नवरा सगळ्यांना देई तेच उत्तर तिलाही देई. रविवारी नऊच्या ठोक्याला ती हातात घड्याळ धरून नळापाशी उभी राहिली. बघूसाहेबांनी कचेरीतली पेटी घरी आणली होती. नऊ वाजून बारा मिनिटांनी नळ गळायचा थांबला, आणि बायकोनं नवऱ्याकडे असं पाहिलं की उरलेली तीन मिनिटं दोघंही नुसतेच हसत बसले.

दुसऱ्या आठवड्यात तर बघूसाहेब ओळखू येईनात. बाह्या दुमडलेल्या, कानावर पेन्सिल, पेटी स्वतःच्या हातात. सकाळी आले की मदतनीसाला विचारायचे, "काय रे, आज कुठं?" तोही आता सुधारला होता, वीस ठिकाणं सांगायचा आणि कुठला पाना लागेल तेही सांगायचा. जिन्यातला दिवा लागला. खिडक्या मिटायला लागल्या. लोक लांबूनच हाक मारायचे, "साहेब, इकडे या की!" त्यांना ते फार आवडायचं. केबिनमध्ये मात्र फिरती खुर्ची नुसती धूळ खात होती.

महिनाअखेरीला एक दिवस उरला आणि शेवटचा अर्ज निघाला. अर्जदार चौघी, पहिली सही हिशोबनीस बाईंची. 'दुपारी डबा खायला बसायला जागा नाही. एखादी खोली मिळावी.'

बघूसाहेब बघायला गेले. चौघी मागच्या जिन्यावर, एकीखाली एक अशा बसल्या होत्या. मांडीवर डबे. गडी माणसं पिंप घेऊन वर-खाली करत होती. कुणी आलं की चौघी डबे उचलून भिंतीला चिकटायच्या आणि तो गेला की पुन्हा बसायच्या. पंधरा मिनिटांत सात वेळा. हा अर्ज पाच वर्षांपूर्वीचा होता. बघूसाहेबांना मनापासून लाज वाटली.

"जेवा, जेवा तुम्ही," म्हणत ते केबिनकडे निघाले. मदतनीसाला विचारलं, 'रिकामी खोली आहे का रे कुठं?'

'आहे. गेल्या चौदा दिवसांत एकच खोली वापरात नव्हती. खिडकी आहे. उजेड उत्तम. मंजुरीपत्र तयार केलं आहे, फक्त सही हवी.'

पुढं लिहिलं होतं, 'खोली: कार्यालय व्यवस्थापकांची.'

बघूसाहेब मटकन खुर्चीत बसले. एकोणीस वर्षं! हिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप केला होता. मदतनीसानं 'पाठवू का?' असं विचारलेलं होतं, आणि आता 'बघू' हे उत्तर चालणार नव्हतं. दुपारभर त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग खुर्चीला एक मोठी गिरकी घेतली, पोट भरेपर्यंत, उठले आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठे साहेब शिट्टी वाजवणाऱ्या गोदामप्रमुखाला सोबत घेऊन, हातात फुलांचा गुच्छ घेऊन, कोपऱ्यातल्या केबिनमध्ये थेट शिरले. आत चौघी डबे उघडून बसल्या होत्या.

"साहेब," फिरत्या खुर्चीतून हिशोबनीस बाई म्हणाल्या, "दार वाजवून यायचं."

मोठे साहेब "माफ करा, माफ करा," म्हणत उलट्या पावली बाहेर पडले. हॉलभर शोधाशोध झाली. शेवटी एका टेबलाखालून दोन ओळखीचे बूट बाहेर आलेले दिसले. मोठे साहेब गुच्छ सावरत वाकले.

"अहो, अभिनंदन! सगळ्या कारखान्यात तुमचा विभाग पहिला! गोदाम टळलं! केबिन तुमचीच राहिली!"

टेबलाखालून एक काळा झालेला हात बाहेर आला.

"दहा नंबरचा पाना द्या जरा."

मोठ्या साहेबांनी गुच्छ गोदामप्रमुखाच्या हातात कोंबला, पेटीत शोधलं आणि पाना दिला.

"हा बारा नंबरचा आहे हो," आतून आवाज आला. "चष्मा लावून बघा."