राऊळकाकांच्या हातून फुटलेलं पित्त

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडेही कुरिअरचा खोका आला, की तो आधी दुसऱ्या मजल्यावर राऊळकाकांकडे जातो. काका तो जमिनीवर उताणा ठेवतात. हो, उताणाच. खोक्यालाही पाठ आणि पोट असतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. मग चार बोटांची सुरी काढतात, धार आकाशाकडे करतात, टोकाच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं लावतात आणि चिकटपट्टी गळ्यापासून खालपर्यंत एका ओढीत उघडतात. आत साडी असो की मिक्सर, ओरखडा नाही. “कातडा फाडूचा, आतडा न्हय,” म्हणतात आणि खोका परत देतात. माझ्या नवऱ्याने एकदा स्वतः उघडायचा शहाणपणा केला आणि नव्या कोऱ्या पडद्याला वीतभर चीर पाडली. तेव्हापासून आम्हीही गुपचूप दुसरा मजला गाठतो.

काका कुडाळच्या पलीकडचे. आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर कांदिवलीला एका कारखान्यात वॉचमन, आता इथे दहिसरला घरी. पण त्यांना विचाराल तर यातलं काहीच सांगणार नाहीत. “मी डुकर सोलणारो,” एवढंच. त्यांच्या तरुणपणी भाताची नासाडी करणाऱ्या रानडुकरांची पारध सगळी वाडी मिळून करायची. आता ते बंद आहे, आणि झालं ते बरंच झालं, असं काकाही म्हणतात. मारणारे पुष्कळ असत, पण मेलेलं जनावर ओढ्यावर नेऊन साफ करणारा एकच, आणि तो घराण्यातून ठरलेला. आधी आजोबा, मग वडील, मग काका.

त्या कामाचे नियम काकांनी दहिसरला आणले. डावा हात केसांचा, उजवा मांसाचा, एकाने दुसऱ्याचं काम करायचं नाही. म्हणून ते दुधाची पिशवीसुद्धा डाव्या हाताने धरतात आणि उजव्याने पातेलं. पळून पळून, भिऊन मेलेल्या जनावराचं मांस आंबतं, ही त्यांची ठाम समजूत. दर रविवारी आमच्या मटणवाल्याला आपल्या हिंदीत विचारणार, “बकरा दौड्या था क्या?” तो बिचारा सांगतो, “नहीं चाचा, टेम्पो में बैठ के आया.” काका जरा विचार करतात. “बसान इलो? मग चलात.”

मांस साफ करताना भांडण झालं तर मांस रुसतं, हा आणखी एक नियम. एकदा मी मटण धुता धुता नवऱ्याला झापत होते. काका दारातून म्हणाले, “आधी भांडान घे गो, मगे धू. नायतर रस्सो बिघडतलो.” आणि बिघडला की हो. मीठ मीच दोनदा घातलं होतं, पण नाव काकांच्या नियमाचं झालं.

सगळ्यात मोठा नियम पित्ताचा. काळजाला चिकटलेली ती हिरवी पिशवी फुटली, की अख्खं जनावर नासलं. मग धुवून भागत नाही, एकाही घरात वाटा जात नाही, सगळं मातीत.

आणि नेमकी हीच काकांची दुखरी जागा. त्यांचा मुलगा संदीप प्रत्येक बारशाला, पूजेला, वाढदिवसाला तो किस्सा सांगतो. “आमच्या बाबांनी एकदा पित्त फोडलं आणि सगळ्या वाडीचं जेवण खड्ड्यात घातलं. माणसं टोप घासून बसलेली, यार.” काकी पदर तोंडाला लावून पुस्ती जोडतात, “ह्यांच्या हातात सुरी म्हणजे आनंदच.” सगळे हसतात. काका पण हसतात. खोटं कशाला बोलू, सगळ्यात मोठ्याने मीच हसायचे.

गेल्या महिन्यात माझा भाचा यायचा होता, त्याला कलेजी फार आवडते. चिकनवाला नवीन होता, त्याने पित्ताच्या पिशव्या तशाच ठेवून दोन किलो माल हातात दिला. मी दोन काळजं साफ केली, दोन्ही पिशव्या फोडल्या, चिडले आणि परात उचलून काकांकडे गेले. दुपारची वेळ. काकी गुडघ्याच्या व्यायामाला गेल्या होत्या.

काकांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यात अजून मोतीबिंदू आहे. तरी एकेक काळीज तळहातावर घेऊन अंगठ्याने चाचपत, गप्पा मारत, त्यांनी सगळी परात साफ केली. एकही पिशवी फुटली नाही. माझ्या तोंडून आपलं सहज निघून गेलं, “काका, कोंबडीची एवढुशी पिशवी तुमच्या हातून फुटत नाही. मग डुकराची कशी फुटली हो?”

मी थट्टाच करत होते. पण काकांनी सुरी खाली ठेवली.

“ती मादी गाभण होती गो,” ते म्हणाले. “चार पिल्लां. पुरी झालेली. अंगार केस सुद्धा इलेले.”

बाकीची माणसं ओढ्यापलीकडे चहा घेत होती. काका सव्वीस वर्षांचे, आणि घरी काकी सात महिन्यांच्या पोटुशी. ज्याची बायको गरोदर, त्याच्या सुरीखाली गाभण मादी आली तर दोष बायकोच्या पोटात जातो, असं गावात मानत. आणि साफ करणाऱ्याचा वाटा ठरलेला, काळीज आणि मानेचं मांस. ते काकींच्याच ताटात पडणार होतं.

“पिल्लां वाळूत पुरलंय,” काका म्हणाले. “मगे पित्त माझ्याच हातान फोडलंय. सगळ्या मांसाक चोळलंय. हात सरकलो म्हणान सांगितलंय.”

वडिलांनी सगळ्या वाडीसमोर सांगितलं, उद्यापासून ओढ्यावर पाय ठेवू नकोस. ते काम चुलतभावाला गेलं. काका तोंड लपवत मुंबईला आले. वडील जाईपर्यंत त्यांच्याशी धड बोलले नाहीत.

“आणि बाळ?” मी विचारलं.

“चेडू झाला. आठ दिस होता.”

संदीपच्या आधी काकींना मुलगी झाली होती, हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं शेजारी राहून नव्हतं माहीत. माझा जीव कळवळला, आणि माझं नेहमीचंच, कळवळा आला की आधी राग बाहेर येतो. “मग आता तरी सांगून टाका ना, काका. तो संद्या चारचौघांत तुमची टिंगल करतो. आम्ही मूर्खासारखे दात काढतो. कशाला सहन करता?”

काकांनी परात माझ्याकडे सरकवली.

“ती म्हणता, देवान दिलां, देवान नेलां,” ते म्हणाले. “देवाक शिव्या घालता, आणि सांजवेळेक त्याच देवासमोर दिवो लावता. तेवढ्यावर जगली ती. आता तिका काय सांगू? देवान न्हय, माझ्या सुरयेन?”

“पण तुम्ही खरंच मानता का हे, काका?”

“माका काय वाटता ता सोड. ती मानतली.”

तेवढ्यात दार उघडून काकी आत आल्या. गुडघा धरत स्टुलावर बसल्या आणि परातीत वाकून बघत म्हणाल्या, “किती फोडलात?”

“दोन,” काका म्हणाले.

काकींचा चेहरा खुलला. “बघितलंस गो? म्हातारे झाले, पण हात काय सुधारूक नाय.”

त्या दोन माझ्या होत्या. तसं म्हणायला मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. मला रडू येत होतं, एक शब्द बोलले असते तर मागोमाग बाकीचं सगळंच बाहेर आलं असतं. काकी गुडघा चोळत हसत राहिल्या. मी त्यांच्याकडे पाठ केली, नळ मोठा सोडला आणि कलेजी पुन्हा एकदा धुवायला घेतली.