सरांचं कागदी मत

मतदानाला चहाआधी जावं की चहानंतर, हा प्रश्न बन्सीलाल सरांनी चहानंतर सोडवायचं ठरवलं आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

सर शहाद्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. पीएच.डी. मतदारांच्या वर्तनावर. स्वतःच्या वर्तनाची मात्र त्यांना कधीच खात्री नसे. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेले की ते ओढून बघायला परत येत. (आणि आपण ते ओढलं का, हे बघायला पुन्हा.) जन्मभर पेपर तपासून हाताला एकच गोष्ट पक्की बसली होती: समोर कागद आला की सही. दुधाच्या कार्डावर करत, विजेच्या बिलावर करत. एकदा लग्नपत्रिकेवर केली होती, नेमकी वराच्या नावाखाली.

"आटपा ना," सुगंधाबाई म्हणाल्या. "चेतनाले एकेक मत मोलाचं शे. ती दामिनी काही कच्ची नही."

चेतना ही सरांचा पुतण्या हेमकांत याची बायको. कळसाडीच्या ग्रामपंचायतीला दामिनीविरुद्ध उभी होती. निशाणी छत्री.

"निघतोच. फक्त नियम एकदा वाचून घेतो."

"मत टाकाले जाई ऱ्हायनात का परीक्षाले?" असं म्हणून बाई पुढे निघून गेल्या.

सर शाळेत पोहोचले तेव्हा रांग अंगणाबाहेर आली होती. नंबर लागला. टेबलावरच्या कर्मचाऱ्याने यादीवर बोट फिरवलं.

"बन्सीलाल पाटील? तुमचं मत झालंय."

दुसरा कोणी असता तर त्याने शाळा डोक्यावर घेतली असती. सर विचारात पडले. आपण येऊन गेलो की काय? त्यांनी डाव्या हाताचं बोट पाहिलं. शाई नव्हती. मग उजव्याचंही पाहिलं.

"अरे, सकायले मागल्या गल्लीना बन्सीलाल आबा येई गया ना!" कोपऱ्यात बसलेला चेतनाचा पोलिंग एजंट चुनीलाल ओरडला. "त्यासना बदला सरनं नाव कापी टाकं!"

"मंग काय बिघडनं?" रांगेतून खात्या नावाचा एक पोरगा म्हणाला. "सर, तुम्ही आबाना नाववर टाका. बन्सीलालना बदला बन्सीलाल. हिशोब बरोबर!"

"छे! ती तोतयेगिरी होते. गुन्हा आहे!"

"आबा थोडीच केस करतीन?"

पण सरांना आता नियम आठवला होता, आणि नियम आठवला की त्यांच्या पाठीचा कणा सरळ होई. "साहेब, माझ्या नावावर दुसरं कोणी मत टाकून गेलं असेल, तर मला प्रदत्त मताचा हक्क आहे. मशीनवर नाही, कागदी मतपत्रिकेवर."

केंद्राध्यक्ष करणसिंग गिरासे यांनी पुस्तिका चाळली आणि मान डोलावली. "बरोबर आहे. पण आधी ओळख पटवावी लागेल. तुम्हीच बन्सीलाल पाटील का?"

"आतापर्यंत तसाच समज आहे."

"समज नको सर, खात्री हवी."

सरांचा चेहरा उतरला. खात्री मागितली की त्यांचं असंच होई. शेवटी बायकांच्या रांगेतून सुगंधाबाईंचा आवाज आला, "तेच शेतस, साहेब! इतका घोळ दुसरा कोणी घालूच शकस नही!"

गिरासेंची ताबडतोब खात्री पटली.

मतपत्रिका आली, रबरी शिक्का आला, आणि रांगेत खळबळ उडाली.

"सरले कागद? आमले का बरं नही?" भिला आप्पा पुढे सरसावले. "मशीनमा नुसती शिटी वाजस. आमले बी कागदवालं द्या!"

"हो, हो, कागदवालं!" मागचे चार म्हातारे तिथेच बसले.

"अहो, आधी तुमच्या नावावर दुसऱ्याने मत टाकलेलं असावं लागतं," गिरासे घाम पुसत म्हणाले.

"मंग टाका ना कोणी मन्हा नाववर!" आप्पा रांगेकडे वळून ओरडले. "मी काही बोलाव नही!"

त्यांची समजूत काढेपर्यंत सर पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाऊन बऱ्याच वेळाने बाहेर आले. घडी घातलेली मतपत्रिका वेगळ्या लिफाफ्यात गेली. हे मत कोर्टाने सांगितल्याशिवाय मोजत नाहीत, असं गिरासेंनी सांगितलं. सरांना ते ठाऊकच होतं. वर्गात शिकवलं होतं.

निकाल लागला. चेतना आणि दामिनी, दोघींना सारखी मतं! चिठ्ठी काढली, त्यात दामिनी निघाली.

"काका, तुमनं मत लिफाफामा शे ना!" हेमकांत उडालाच. "चला कोर्टमा! लिफाफा फोडतस!"

सर एका दिवसात हिरो झाले. पारावर त्यांना जागा मिळू लागली. "सरना लिफाफामा आमना विजय शे," असं चुनीलाल ज्याला त्याला सांगत सुटला. हेमकांतने वकीलपत्र आणून समोर ठेवलं. सरांनी रुबाबात पेन काढला, सही केली, आणि त्या सहीकडे बघता बघता ते पांढरे पडले.

"जरा पाणी पिऊन येतो," म्हणत ते स्वयंपाकघरात शिरले.

"काय व्हयनं?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"मतपत्रिकेवर मतदाराची ओळख पटेल अशी खूण असली की मत बाद होतं."

"मंग? शिक्का छत्रीवरच मारा ना?"

"छत्रीवरच मारला. आणि खाली..." सरांचा आवाज खोल गेला, "सही केली. पीएच.डी.सकट."

बाईंनी कपाळाला हात लावला. "नुसती सहीच ना?"

सर चाचरले. "हाताची सवय गं. गुणही दिलेत. चेतनाला दहापैकी सहा."

"आणि दामिनीले?"

"साडेसहा. ग्रामसभेत मुद्देसूद बोलते ती."

सुगंधाबाई पदर खोचून बाहेर आल्या. हेमकांतच्या हातातलं वकीलपत्र त्यांनी काढून घेतलं आणि चार तुकडे केले. "हेमकांत, निकाल मानी लेवाना ऱ्हास रे भो. लोकशाही शे."

पुढच्या निवडणुकीला सर घरातून निघण्याआधी त्यांचे खिसे तपासून पेन काढून घ्यायचा, असं त्या दिवशी घरात ठरलं. सुगंधाबाईंनी ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं.

सरांनी त्याखाली तारखेसह सही केली.