बापूंची आडवी म्हैस

रोज सकाळी शाळेच्या वेळेला बापू चौगुले आपली म्हैस आमच्या कॉलनीच्या रस्त्यावर आडवी उभी करत आणि कासरा धरून शेजारी थांबत. कोल्हापुरात माणसाला हॉर्न देतात, म्हशीला वाट देतात, एवढंच त्यांचं वाहतूकशास्त्र.

रस्ता रुंद केला तेव्हा नकाशात पाच फुटांचा फूटपाथ होता. मी टेप लावून पाहिली. जागेवर शून्य. हंगामात उसाचे ट्रॅक्टर मागं दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्यानं गाणी लावून जात. चालणारे आणि सायकलवरची पोरं गटाराच्या काठानं. कॉलनीचा सेक्रेटरी म्हणून स्पीडब्रेकरसाठी मी अर्जांवर अर्ज दिले. पोच तेवढी मिळाली.

"अर्जानं ट्रॅक्टर थांबतोय व्हय सेक्रेटरी?" बापू म्हणत. "म्हशीनं थांबतोय. बघा की!"

एखादा मोटारसायकलवाला कावला, की ठरलेलं उत्तर : "पावणं, गाभण हाय. दमानं घ्या." माझ्या हिशेबानं ती म्हैस सलग तीन वर्षं गाभण होती.

शेवटी शेणावरून घसरून एक गृहस्थ पडले. बैठक झाली. म्हैस बंद, असं सर्वानुमते ठरलं, आणि सांगायला अर्थातच मी गेलो.

बापूंनी वाद घातला नाही. आत काकूंकडं, म्हणजे त्यांच्या बायकोकडं, पाहून आवाज खाली आणला. त्याची गरज नव्हती, हे पुढच्या वाक्यात कळलं.

"हिचं दोन्ही कान गेल्यात. हॉर्न ऐकू येत न्हाय. ह्याच वक्ताला रस्ता वलांडून देवळाला एकटीच जात्या. हात धरला तर म्हणत्या, मला म्हातारी केलासा व्हय?"

"आणि शाळेची पोरं?"

"त्यास्नी बी उपेग हुतोय की."

मी ठराव खिशातच ठेवला; पण ठराव तो ठराव. दुसऱ्या दिवशी म्हैस नव्हती. काकू फुलांची परडी घेऊन निघाल्या. भर रस्त्यात बापू सायकल आडवी लावून चाकाशी उकिडवे बसले होते. मागं ट्रॅक्टर ठणाणा हॉर्न देत खोळंबलेला.

"रस्त्याच्या मदी बसलाय व्हय? लोकं काय म्हणतील!" काकू जाता जाता कडाडल्या.

"चेन पडल्या!" बापू हातवारे करून ओरडले.

ड्रायव्हर खाली उतरू लागला. काकू अजून निम्म्या रस्त्यातच होत्या.

मी फाटक उघडून गेलो आणि बापूंच्या शेजारी वाकलो. चेन जागच्या जागी होती. आम्ही दोघं ती बघत बसलो.