चार चाकांचा नंदी

गुणवंतरावांनी ठरवलं ते एवढंच, की यंदा तान्ह्या पोळ्याला लेकीचा, म्हणजे दिव्यानीचा नंदी दोरीनं ओढत न्यायचा नाही. (गुणवंतराव काही ठरवू लागले की त्यांच्या पत्नी इंदुताई आधी गॅस बंद करतात आणि मग ऐकतात. त्या दिवशी कुकर लावलेला होता, म्हणून त्यांनी नीट ऐकलं नाही. पुढचं सगळं त्यामुळे झालं.)

आमच्याकडे पोळा खऱ्या बैलांचा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा लेकरांचा. चाकांवरचा लाकडी नंदी सजवायचा, गळ्यात दोरी बांधायची आणि ओढत शाळेच्या मैदानावर न्यायचा. तिथं नंदीच्या सजावटीला आणि लेकरांच्या वेशभूषेला बक्षिसं असतात. गेल्या वर्षी पहिलं बक्षीस शेजारच्या प्रणितनं नेलं, कारण त्याच्या नंदीचे डोळे बॅटरीवर लुकलुकत होते. दिव्यानीला उत्तेजनार्थ कंपासपेटी मिळाली. ती दुसऱ्या दिवशी सगळं विसरली, कंपासपेटी चांगली होती. विसरले नाहीत ते गुणवंतराव. भद्रावतीला त्यांचं बीबियाण्यांचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकाला सोयाबीनचं वाण दाखवतानाही त्यांना ते लुकलुकणारे डोळे दिसत.

त्यात त्यांचा मावसभाऊ गोपाल जंगलाकडच्या एका रिसॉर्टमध्ये कामाला. रिसॉर्ट बंद पडला आणि तिथली क्वाड बाईक विकायला निघाली. जाड जाड चार चाकांची फटफटी, अंगठ्यानं रेस दाबायची. गुणवंतरावांनी ती घेतली. "डुकरं हाकलाले होते वावरात," असं घरी सांगितलं.

गोपालनं देताना बजावलं होतं. "भाऊ, ही रोडावर चालत नाई. याले नंबर भेटत नाई. अन् पोट्टीच्या हाती देसान तं पोट्टीले नाई, बापाले धरते."

"मले काय समजत नाई का?" गुणवंतराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी म्हटलं की समजावं, गाडी उताराला लागली.

इंदुताईंनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि कायदा केला. "दिव्यानी चालवन तं वावरातच. धुऱ्याच्या बाहीर चाक गेलं नाई पाहिजे." धुरा म्हणजे शेताचा बांध. सहावीतली दिव्यानी ती गाडी बापापेक्षा बरी चालवायची आणि धुऱ्यापाशी आली की आपणहून वळवायची. पोरगी आईवर गेलेली आहे.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इंदुताई मैदानावर लवकर गेल्या. तिकडे भोंग्यावर सूचना चालू होती, की दोरी ज्याच्या हाती तो स्पर्धक, आणि स्पर्धकासोबत पालक असणं बंधनकारक आहे. इकडे वावरात गुणवंतरावांनी लाकडी नंदी क्वाड बाईकच्या पुढच्या कॅरियरवर तारेनं आवळला. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ. सगळ्या गाडीवर इंदुताईंच्या जुन्या शालूची झूल घातली. (शालू जुना होता हे गुणवंतरावांचं मत.) खालून फक्त चाकं दिसत होती.

"बाबा, आई धुऱ्याच्या बाहीर नको म्हणे," दिव्यानी म्हणाली.

"आज सण आहे. आज धुरा थेट शाळेपर्यंत."

"पण रोडावर ट्रका येतेत."

"हे पाह्य, लाकडी नंदीले किती चाकं? चार. याले किती? चार. नंदीले कोणी लायसन मागते का? मी समोर दोरी धरून चालतो. कोणालेबी वाटन, बापानं नंदी धरला आहे."

दिव्यानीला हे पटलं नाही, पण बाप एवढ्या खुशीत होता की तिला मोडता घालवेना. ती बसली. नंदीच्या गळ्यातली दोरी गुणवंतरावांनी मनगटाला दोन वेढे देऊन बांधली आणि वरात डांबरी रस्त्यावर आली. शाळा समोर दिसत होती. आता प्रणितचा बाप कसं तोंड करतो ते बघायचं, एवढाच विचार गुणवंतरावांच्या डोक्यात होता.

मागून कोळशाचा ट्रक आला आणि त्यानं हॉर्न दिला. दिव्यानी दचकली, अंगठा दाबला गेला आणि नंदी निघाला. गुणवंतराव आधी चालत होते, मग धावू लागले, मग नंदी त्यांच्या पुढे गेला आणि ते दोरीच्या मागे. वाऱ्यानं शालू उडून दिव्यानीच्या तोंडावर बसला. गाडी रस्ता सोडून उजवीकडे वळली, दोरी तुटली आणि गुणवंतराव रस्त्याकडेच्या नालीत पडले. नाली भरलेली होती. ट्रक, जणू त्यांच्या डोक्यावरूनच, दिव्यानी आत्ता जिथं होती बरोबर तिथून गेला.

त्यांना उठवेना. लागलं नव्हतं. पोरगी गेली, असंच त्यांना वाटलं. पोळा, प्रणित, बक्षीस सगळं आटलं. ते हातापायांवर रांगत रस्त्याच्या पलीकडे गेले.

क्वाड बाईक धानाच्या बांदीत, म्हणजे भाताच्या खाचरात, चिखलात बसली होती. दिव्यानीनं शालूतून डोकं बाहेर काढलं. मनगट मुरगळलं होतं, बाकी धड होती.

"बाबा," ती म्हणाली, "आता मी धुऱ्याच्या आत आहो ना?"

होती. पण धुरा प्रणितच्या बापाचा होता.

माणसं जमली. बंदोबस्ताला आलेल्या हवालदार करिश्मा मडावी चालत आल्या. त्यांनी आधी दिव्यानीचं मनगट पाहिलं, आपल्या रुमालानं बांधलं आणि मग गाडीकडे वळल्या.

"गाडी कोणाची?"

"मॅडम, ही गाडी नाई, नंदी आहे," गुणवंतराव चिखलातून म्हणाले. "चार चाकं तं लाकडी नंदीलेबी रायतेत. फरक काय?"

मॅडमनी नंदीकडे पाहिलं. त्याचं एक शिंग मोडलं होतं. "फरक इतकाच," त्या म्हणाल्या, "त्या नंदीले लेकरू ओढते. हा नंदी लेकराले ओढून नेते. चालवाले कोणं देल्ली हिले?"

दिव्यानीनं बापाकडे पाहिलं. नखशिखांत चिखल, एक चप्पल गायब, मनगटाला तुटकी दोरी.

"मीच घेतली," ती म्हणाली. "बाबाले माहीत नव्हतं."

खरं सांगायचं तर गुणवंतरावांना पहिल्यांदा हायसं वाटलं. मग आपल्याला हायसं वाटलं याची त्यांना इतकी लाज वाटली की कान गरम झाले. अकरा वर्षांची पोर रुमाल बांधलेला हात घेऊन बापाला पाठीशी घालत होती.

"खोटं बोलून राह्यली ते," ते म्हणाले. "मी देल्ली. तिची आई नाई म्हणे, ते स्वतः नाई म्हणे, तरी मीच बसवलं. बाप मी आहो."

"मंग केस तुमच्यावर होईन. लेकराच्या हाती गाडी देल्ली तं कायदा बापाले पकडते," मॅडम म्हणाल्या. "गाडी ठाण्यात जाईन. उद्या या. नंदी घेऊन जा, त्याच्यावर माहा काही आक्षेप नाई."

तेवढ्यात इंदुताई पोचल्या. त्यांनी पोरीला जवळ घेतलं, तिचे हात, पाय, डोकं, सगळं चाचपून पाहिलं. नवऱ्याला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. गुणवंतरावांना वाटलं, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांची नजर शालूवर गेली. तरीही त्या बोलल्या नाहीत, तेव्हा गुणवंतराव खरे घाबरले.

"आई, माहा नंदी," दिव्यानी रडवेली होऊन म्हणाली. "हात दुखते, मले ओढता नाई येत."

इंदुताईंनी तार सोडवून नंदी खाली रस्त्याच्या कडेला ठेवला, तुटक्या दोरीला गाठ मारली आणि दोरीचं टोक नवऱ्यापुढे धरलं.

"ओढा."

आणि गुणवंतराव निघाले. पुढे चिखलानं माखलेले पन्नाशीचे गुणवंतराव, मागे एका शिंगाचा नंदी कुरकुर करत, त्यामागे मायलेकी. मैदानावर त्यांना पाहून लेकरांनी आपापले नंदी बाजूला घेऊन वाट करून दिली. परीक्षक म्हणून बसलेले निवृत्त हेडमास्तर बापूजी यांची दृष्टी आता अधू झाली आहे. त्यांनी चष्मा पुसला, गुणवंतरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माईक हातात घेतला.

"चिखलणी करून आलेला कास्तकार! अंगावरचा चिखलसुद्धा खरा. वा! वेशभूषेत उत्तेजनार्थ बक्षीस, कंपासपेटी. स्पर्धकासोबत पालक कोण आहे? त्यांनी पुढं यावं."

आजवरच्या सवयीनं गुणवंतरावांनीच पाऊल पुढे टाकलं. इंदुताईंनी त्यांना कोपरानं मागे सारलं आणि टेबलापाशी गेल्या.

"मी आहो," त्या म्हणाल्या. "माह्याजवळ द्या. यायच्या हाती काही देऊ नका."