नानांची हरकत

आमच्या शेजारच्या नानांना लग्नाचं आमंत्रण द्यायला गेलं तरी ते आधी विचारायचे, "हरकती मागवल्या का?" थट्टा नव्हे. रस्त्यातल्या मांडवाला, नळाच्या खोदाईला, मी हौसेने घराला दिलेल्या पिवळ्या रंगाला, सगळ्याला त्यांची हरकत असे, आणि तीही लेखी. "मास्तर, गप बसला तो हो म्हणला, असं धरतात ते," हे त्यांचं पालुपद. 'ते' म्हणजे कोण, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

मोबाइल नुकते खिशाखिशात आले होते तेव्हाची गोष्ट. नाशिक वाढत वाढत आमच्या गावाला येऊन भिडलं होतं. एके दिवशी पेपरात नोटीस आली. शिवारातून गॅसची पाइपलाइन जाणार, पर्यावरणाची परवानगी द्यायच्या आधी लोकांनी हरकती कळवाव्यात, मग जनसुनावणी होईल. सरकारनेच हरकती मागवल्या म्हटल्यावर नाना पेढे वाटतील असं मला वाटलं होतं. पण नोटीस वाचून ते माझ्याकडचा चहासुद्धा न घेता उठून गेले.

त्या दिवसापासून त्यांनी गाव धरलं. सलूनमध्ये अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला पकडलं, भजन थांबवून टाळकऱ्यांना नोटीस वाचून दाखवली, भंगारवाल्यालाही सोडलं नाही. "सुनावणीला या. बोला काहीतरी." लोक हसत. लाइन ओढ्याकाठच्या बाभळींतून जाणार, तिथे ना पीक ना घर, कोणाचं काय जातंय, असं मीही म्हणालो. नाना पेपरची घडी घालून पुढच्या दाराशी गेले.

त्या बाभळींत गाववाले जात नसत. गुराखीसुद्धा वळसा घालून जायचे. मी बदलीवर आलेला माणूस, मला जवळची वाट बरी वाटे. एकदा तिन्हीसांजेला सायकलवरून येत होतो तर आतून आवाज आला. बघतो तर नाना. पायात काही नाही, हातात तो पेपर. नोटिशीतला एकेक शब्द सावकाश, मोठ्याने वाचत होते. समोर कोणी नव्हतं. वाचून झाल्यावर त्यांनी मान कलती केली, काही ऐकल्यासारखं केलं, आणि म्हणाले, "बरं. सांगतो मी."

वारा पडलेला होता, तरी त्यांच्या पायाजवळचं गवत हललं. माझ्या अंगावर काटा आला. मी हाक मारली तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, मास्तर. आत्ता कुठं झोपलीत."

मी जी सायकल दामटली, ती घरी येईपर्यंत मागे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी नानांच्या बायकोला, सीताकाकूंना, सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "त्या वाटेनं नका येत जाऊ," एवढंच म्हणाल्या.

सुनावणी शाळेच्या पटांगणात झाली. भिंतीवर नकाशा होता आणि ओढ्याकाठच्या पट्ट्यावर 'पडीक' असं छापलेलं होतं. सुनावणी घ्यायला आलेला साहेब भला माणूस होता, नानांना त्याने माइकसमोर बोलावलं.

"ते पडीक नाय, साहेब," नाना म्हणाले. "दात यायच्या आत गेलेलं लेकरू आम्ही जाळत नाय, तिथं पुरतो. वर खूण ठेवत नाय. आईबापानं परत तिकडं जायचं नाय, अशी रीत हाय. म्हणून तुमच्या माणसांना काय दिसलं नाय."

कितीतरी बायकांनी पदर तोंडाशी नेला. जवळची वाट म्हणून मी कशावरून सायकल दामटत होतो ते तेव्हा मला कळलं.

"तुमचं कोण आहे तिथे?" साहेबाने विचारलं.

"लेक."

"नाव सांगा, नोंदवून घेतो."

मुलगी बारशाच्या आधीच गेली होती, तिला नावच नव्हतं, असं शेजारची म्हातारी माझ्या कानाशी कुजबुजली. साहेब पेन धरून थांबला होता.

"इंदू," नाना म्हणाले.

सीताकाकूंनी झटकन वर बघितलं. एवढा संसार झाला, पण ते नाव त्यांनीही आत्ताच पहिल्यांदा ऐकलं होतं. नाना त्यांची नजर चुकवत होते. काकू खुर्चीला धरून उठल्या.

"लिवा, साहेब," त्या म्हणाल्या. "इंदू."